एका कॅनव्हासवर दोघं

बोर्गहिल्डआजी माझ्या स्टुडिओच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा मला वाटलं, पत्ता चुकल्या असणार. क्रिस्टियानसुंडच्या बंदरावर मासळीचं एक जुनं गोदाम होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर मी काम करायची. जिना उभा, कठडा डगमगता. माझे तरुण मित्रसुद्धा खालूनच हाक मारायचे. ही म्हातारी काठी काखेत मारून तो जिना चढून आली होती. दाराला टेकून तिनं आधी पोटभर श्वास घेतला आणि मग विचारलं, "माणसांची चित्रं काढणारी ती तूच का गं?"

"हो, मीच रागना. आत या ना, बसा."

"बसते. पण आधी हे घे, नाहीतर वाळतील." त्यांनी पिशवीतून कापडात गुंडाळलेल्या बटाट्याच्या मऊ पोळ्या, आमच्याकडचे लेफ्से, काढून थेट माझ्या रंगांच्या ट्यूबांशेजारी ठेवले. मग खुर्चीत बसून म्हणाल्या, "माझ्या दोन मुलांचं चित्र हवंय. दोघं एकाच चित्रात. बाकावर बसलेले, खांद्याला खांदा लागलेला. नऊ डिसेंबरला मला नव्वद पुरी होतात, त्या दिवशी ते भिंतीवर लागलं पाहिजे."

सप्टेंबर चालू होता. वेळ होता. मी वही उघडली. "मुलं केवढी आहेत?"

"थोरला बासष्ट वर्षांचा, धाकटा एकोणसाठ."

मला हसू आवरलं नाही. आजीही हसल्या. "अगं, मला मुलंच ती."

"बरंय. मग दोघांना एकदमच बसवते, काम लवकर होईल."

"एकदम नाही बसायचे ते. एकेक करून येतील." त्यांनी हातमोजे काढून मांडीवर नीट एकावर एक ठेवले. "एकोणीस वर्षं झाली, एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं कोण जाणे, पण त्या लगेच पुढं म्हणाल्या, "आणि हे बघ पोरी, त्यांना एकत्र आणायचं वगैरे तुझ्या डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाक. ते सगळे उपाय झाले. पाद्री येऊन गेले, डॉक्टर बोलून गेले, माझं रडणंही झालं. मला आता कुणाला बोलायला लावायचं नाही. माझ्याकडे फोटो पुष्कळ आहेत, पण एकोणीस वर्षांत दोघं ज्यात आहेत असा एक नाही. मरायच्या आधी मला ते एका जागी बसलेले बघायचेत. खरे बसत नाहीत ना? मग रंगातले बसू देत."

मी माझा दर सांगितला. त्यांनी मान हलवली. "दर राहू दे तुझा आहे तो. फक्त राहायचं माझ्या घरी आणि जेवायचं माझ्या हातचं. बाहेर खाऊन आलीस तर चालायचं नाही."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी रंग, कॅनव्हास आणि ईझल घेऊन हेलविकला गेले. खाडीच्या कडेला पसरलेली पन्नास-साठ घरं, एक चर्च, एक दुकान. आजींचं घर मधोमध. उत्तरेच्या टोकाला थोरला माग्नार, त्याची बोटी बांधायची शेड तिथंच. दक्षिणेला, चर्चच्या पलीकडे, धाकटा ओडवार. दोन घरांत चालत गेलं तर पाऊण तास. दोघंही एकटेच राहणारे. माग्नारनं लग्न केलं नव्हतं, ओडवारचं टिकलं नव्हतं.

भांडण कशावरून झालं ते आजींनी पहिल्याच दिवशी जेवताना सांगितलं, जणू पाहुणीला घरातली मोडकी पायरी दाखवून ठेवावी तसं. त्यांचे यजमान पेडर अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले होते. आजीच त्यांचं सगळं करायच्या. एका हिवाळ्यात आजी बर्फावर पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि तीन महिने इस्पितळात राहिल्या. ओडवार तेव्हा मालवाहू जहाजावर, कुठं दक्षिण अमेरिकेच्या बाजूला. माग्नार बापाला आपल्या घरी घेऊन गेला. दिवसभर बोटींचं काम, आणि उरलेल्या वेळात बापाला उचलणं, धुणं, भरवणं. मार्च उजाडला तेव्हा त्यानं बापाला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवलं. तीन आठवड्यांत पेडर गेले. ओडवार पोचला तो थेट दफनालाच. तिथं, सगळ्या गावासमोर, तो म्हणाला, "यानं मारलं बाबांना. जुनं लाकूड टाकून द्यावं तसं टाकून आला."

"आणि माग्नार काय म्हणाले?"

"काही नाही. टोपी घातली आणि घरी गेला." आजींनी माझ्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. "त्यानंतर दोघांनी माझ्याकडून एकच वचन घेतलं. माझ्यासमोर त्याचं नाव काढायचं नाही. मी पाळलं. याच्याकडे त्याचं नाही, त्याच्याकडे याचं नाही. एकोणीस वर्षं जिभेला गाठ मारून बसलेय बघ."

ओसरत्या उजेडाचा तो काळ. मी दिवाणखान्यातल्या उत्तरेच्या खिडकीसमोर बाक ठेवला. सोमवार-गुरुवार माग्नार, मंगळवार-शुक्रवार ओडवार. माग्नार डावीकडे, ओडवार उजवीकडे, लहानपणी चर्चमध्ये बसायचे तसे. हे आजींनी ठरवलं.

माग्नार आला तो चर्चला घालायचा काळा कोट घालून, पण अंगाला वास डांबराचा. दार उघडून माझ्याकडे बघून त्यानं टोपी काढली.

"कुठं बघू मी?"

"खिडकीकडे. आणि जरा सैल बसा. पासपोर्टचा फोटो नाहीये हा."

"बरं." त्यानंतर दोन तास तो खांबासारखा बसला. डावा हात कोटाच्या खिशातच. मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायला सांगितले तेव्हा त्यानं खिशातला हात हळूच काढला. मधली दोन बोटं अर्ध्यातच संपली होती.

"करवतीत गेली," तो म्हणाला. "हेही काढणार का तुम्ही?"

"तुम्ही नको म्हणालात तर नाही काढणार."

त्यानं थोडा विचार केला. "काढा. आईला काय ते नवीन नाही."

दुसऱ्या दिवशी ओडवार शीळ घालत आला, निळा स्वेटर, दाढी दोन दिवसांची. बसता बसता त्याची बडबड सुरू झाली. दक्षिण अमेरिकेतल्या सांतोस बंदरातली माकडं, जहाजावरचा स्वयंपाकी, त्या स्वयंपाक्याची बायको. पंधरा मिनिटांत तो मला अगं-तुगं करायला लागला.

"मला जरा बारीक काढ हं. तुझाच रंग वाचेल."

"हलू नका म्हणजे वाचेल."

"हलत नाही गं, श्वास घेतोय. तोही थांबवू का?"

अर्धवट चित्र कुणाला दाखवायचं नाही असा माझा नेम होता. पण कॅनव्हास एकच, तो त्याच खोलीत उभा, आणि दोघं अर्ध्या तासानं पाय मोकळे करायला उठायचेच. दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी मी ब्रश धुऊन परत आले तर माग्नार ईझलपुढं उभा. स्वतःच्या अर्ध्याकडे त्याचं लक्षही नव्हतं.

"केस गेले त्याचे," तो म्हणाला.

"हो, बरेच."

"लांबून कळत नाही. टोपी असते." थोडा थांबून म्हणाला, "गाडी ओळखतो मी त्याची. चालही ओळखतो. तोंड नव्हतं बघितलं." मग पुन्हा बाकावर जाऊन बसला.

शुक्रवारी ओडवारची पाळी. तो उठला, चित्राजवळ आला, काहीतरी थट्टेचं बोलायला तोंड उघडलं आणि तसाच राहिला. माग्नारच्या गुडघ्यावरच्या हाताकडे त्यानं बोट दाखवलं. "हे काय आहे? पुरं व्हायचंय अजून?"

"नाही. तेवढीच आहेत बोटं."

"कधी झालं?"

"आठ वर्षं झाली म्हणतात. करवतीत गेली."

"आठ वर्षं." तो स्वयंपाकघराच्या दाराकडे वळला. आत आजींची भांड्यांची खुडबुड चालली होती. "मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं असावं, की सांगू नको म्हणणारा तोच होता. तो बाकावर बसला. सांतोसची माकडं त्या दिवशी निघाली नाहीत.

मी ठरवून टाकलं होतं, निरोप्या व्हायचं नाही. याचं त्याला आणि त्याचं याला सांगायचं नाही. पण पुढं जे झालं ते माझ्या हातात नव्हतं. दोघंही एकमेकांच्या चेहऱ्यातल्या चुका काढायला लागले.

"नाक चुकलंय," ओडवार एका मंगळवारी म्हणाला. "त्याचं नाक सरळ नाहीये. डावीकडे कलतं. बारा वर्षांचा होता, नावेच्या शेडच्या छपरावरून पडला. मी ढकललं होतं." असं म्हणून हसला.

गुरुवारी मी माग्नारला उजेडाकडे तोंड करायला लावलं. खरंच, मिशीच्या वर नाक किंचित डावीकडे गेलं होतं. दहा दिवस बघूनही माझ्या डोळ्यांतून निसटलं होतं. मी रंग खरवडायला लागले.

"काय झालं?"

"नाक दुरुस्त करते. तुम्ही छपरावरून पडला होतात ना?"

त्यानं विचारलं नाही, तुम्हाला कुणी सांगितलं म्हणून. "ढकललं म्हणाला असेल."

मी रंग खरवडत राहिले.

"नाही ढकललं त्यानं. माझाच पाय घसरला. मला छपरावर चढायची बंदी होती, बाबांनी पट्टा काढला असता. म्हणून हा नऊ वर्षांचा पोरगा पुढं झाला आणि म्हणाला, मी ढकललं. मार त्यानं खाल्ला." त्यानं घसा खाकरला. "अजून तेच सांगतो म्हणजे. गाढव."

एकदा माग्नार ईझलपुढं उभा राहून म्हणाला, "हे हसणं त्याचं नाही. दुकानात माणसांशी बोलताना हसतो ते हे. खरं हसला की आवाज येत नाही त्याचा. डोळे मिटतात आणि खांदे तेवढे हलतात." मी ओडवारचं तोंड पुसून टाकलं. ते खरं हसू त्याच्याकडून काढायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. नाही जमलं. शेवटी मी त्याचं तोंड मिटलेलंच रंगवलं, आणि चित्रात आजही तसंच आहे.

आजी दिवाणखान्यात येत नसत. चित्र पुरं झाल्याशिवाय बघायचं नाही हा त्यांनी स्वतःला घातलेला नियम. पण माग्नारच्या दिवशी वाफल्स आणि ओडवारच्या दिवशी फिशबॉल्स, हे कधी चुकलं नाही. एकदा मी गमतीनं विचारलं, "आजी, तुमचा लाडका कोण?"

"जो समोर नसतो तो," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वादळ आलं. सहा दिवस समुद्र रस्त्यावर येत होता, वीज दोनदा गेली आणि खिडकीतून दिवसा जो करडा अंधार यायचा त्यात निळा कुठला नि काळा कुठला कळेना. वादळ गेलं तेव्हा डिसेंबर लागला होता. माझ्या हातात आठ दिवस, आणि रोज कामाचा उजेड म्हणावा तर अकरापासून एकपर्यंत. चेहरे झाले होते, हात झाले होते. राहिली होती ती नेमकी मधली जागा, जिथं खांद्याला खांदा लागायचा. एकाची सावली दुसऱ्याच्या बाहीवर कशी पडते, एक टेकला की दुसऱ्याचा कोट कुठं चुरगळतो, हे मी मनानं काढून बघितलं. दोन वेगळ्या चित्रांतून कापून चिकटवल्यासारखे दिसत होते. मी ते तीनदा पुसलं.

आजींना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"नको विचारूस त्यांना. विचारलंस तर दोघंही यायचे बंद होतील. मग माझं अर्धंच राहील. चिकटवल्यासारखे तर चिकटवल्यासारखे, चालेल मला."

"मला नाही चालणार, आजी."

त्या माझ्यावर चिडल्या. "चित्र माझं आहे की तुझं?" एवढं म्हणून त्यांनी कॉफीची किटली जरा जोरातच टेबलावर ठेवली. त्यांचं खरं होतं. तरी मी विचारलं. माझा हट्ट म्हणा, दुसरं काही नाही.

माग्नारला गुरुवारी विचारलं. त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "तो यायचा नाही. पण मी दररोज येऊन बसत जाईन. माझ्या बाजूनं अडणार नाही, एवढं सांगतो."

"त्या दफनाच्या दिवशी तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?" हे मी विचारायला नको होतं. तोंडातून गेलं.

"काय बोलणार? खोटं नव्हतं ते." आखूड बोटांचा हात त्यानं दुसऱ्या हातात धरला. "तीन महिने मी झोपलो नव्हतो. बाबा दर तासाला हाक मारायचे. एका सकाळी त्यांनी हाक मारली आणि मी शेडमध्ये तसाच उभा राहिलो. ऐकू येत होतं. गेलो नाही. अर्धा तास. त्याच दिवशी मी वृद्धाश्रमाला फोन केला. ईस्टरपर्यंत कळ काढली असती तर तो आला असता, दोघांनी मिळून केलं असतं. नाही काढली कळ."

शुक्रवारी ओडवारला विचारलं, उद्या अकराला माग्नार बसणार आहे, तुम्हीही... त्यानं माझं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. "नाही. आईसाठी इथं बसतोय, तेवढं पुरे." कोट उचलला आणि कॉफी न पिताच गेला. दार आपटलं नाही, पण स्वयंपाकघरातून आजींनी ते जाणं ऐकलं असणार, कारण फिशबॉल्सचं पातेलं त्यांनी तसंच झाकून ठेवलं. दिवसभर आम्ही दोघी एकमेकींशी जेमतेम बोललो. उद्याच्या बसनं परत जावं आणि आजींना त्यांचे पैसे परत द्यावेत इथपर्यंत माझा विचार पोचला होता.

शनिवारी अकराला माग्नार येऊन बसला. मी रंग काढत होते. दार वाजलं नाही, नुसतं उघडलं. ओडवार आत आला. अंगात तोच निळा स्वेटर. माझ्याकडे बघितलं नाही, भावाकडेही नाही. सरळ चालत आला आणि बाकावर आपल्या जागी बसला.

मी ब्रश उचलला.

बाक जुना होता, दोन पोरांच्या मापाचा. दोन बाप्ये त्यावर बसले की खांदे लागणारच, नाही म्हणायला जागाच नाही. पहिला अर्धा तास खोलीत माझ्या ब्रशाशिवाय कसलाही आवाज नव्हता. स्वयंपाकघरातही नाही. दाराखालच्या फटीत मला आजींच्या काठीचं टोक दिसत होतं.

"रागना," ओडवार माझ्याकडे बघत म्हणाला, "त्याला सांग, जरा सरकायला."

"बाकच एवढा आहे," माग्नार म्हणाला.

"रागना, त्याला सांग, कोटाला डांबराचा वास येतोय."

"डांबराचं काम केलं की डांबराचाच येणार. तुला काय गुलाबाचा हवाय?"

"तुला नाही विचारलं."

"मग कुणाला विचारलंस? तिला माझा कोट माहितीय का?"

मी सावली रंगवत होते. निळ्या लोकरीवर काळ्या कोटाची, जशी हवी होती तशी.

"मी ईस्टरला येणार होतो," ओडवार म्हणाला. आता तो माझ्याशी बोलत नव्हता. बघत मात्र खिडकीकडेच होता. "तुला माहीत होतं. तार केली होती मी. थांबता आलं असतं तुला."

"हो."

"नुसतं हो?"

"हो. थांबायला हवं होतं. दमलो होतो मी, ओडवार."

एकोणीस वर्षांत त्यानं पहिल्यांदाच घेतलेलं ते नाव. मी मान वर केली नाही. ब्रश थांबवला नाही, कारण मी थांबले असते तर ते दोघंही उठले असते याची मला खात्री होती.

ओडवारचा आवाज चिरकला. "मी तिकडं माकडं बघत होतो. तू त्यांना धूत होतास. आणि मी त्या खड्ड्यापाशी उभं राहून..." पुढचं त्याला बोलता आलं नाही. नाक ओढलं.

माग्नारनं उजव्या खिशातून रुमाल काढून न बघता बाजूला धरला. ओडवारनं तो घेतला.

"याला पण डांबराचा वास येतोय," तो रुमालातून म्हणाला.

"मग परत दे."

"हलू नका," मी म्हणाले. माझ्या डोळ्यांतलं पाणी गालावर आलं होतं आणि हात रंगाचे, पुसता येईना. दिवस गेला तेव्हा माझ्या हनुवटीला निळा रंग लागलेला होता, पण कुणी सांगितलं नाही.

एक वाजला, उजेड सरला. दोघं उठले. मिठी नाही, हातात हात नाही, तसलं काही झालं नाही. माग्नार टोपी शोधत होता. ओडवारनं ती खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिली. "उद्या?" तो म्हणाला. "रविवार आहे," माग्नार म्हणाला. "मग सोमवारी," असं म्हणून ओडवार गेला. तो गेल्यावर पाच मिनिटांनी माग्नार गेला. मी स्वयंपाकघरात गेले तर आजी खुर्चीत बसल्या होत्या, काठी दोन्ही हातांत घट्ट, आणि चुलीवर काहीतरी लागून धूर येत होता.

"आजी, करपतंय."

"करपू दे," त्या म्हणाल्या.

सोमवार आणि मंगळवार दोघं आले. बोलले थोडंच, तेही बोटींबद्दल आणि वादळात कुणाच्या धक्क्याचं काय झालं त्याबद्दल. मंगळवारी चित्र संपलं.

नऊ डिसेंबरला ते भिंतीवर लागलं. गावातली माणसं आली होती. कुणी काही विचारलं नाही, पण बाकाच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या दोन भावांकडे सगळे चोरून बघत होते. आजी चित्रापुढं खुर्ची टाकून बसल्या. बराच वेळ बसल्या. मी मागं उभी राहून परीक्षेला बसल्यासारखी घामाघूम झाले होते.

"ओडवारचा कान मोठा झालाय," त्या अखेर म्हणाल्या.

"त्यांचा कान मोठाच आहे, आजी."

"असेल. इतक्या जवळून कुठं बघू देतो तो." मग मला खाली वाकायला लावून त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "मी तुला विचारू नको म्हटलं होतं," असं म्हणाल्या. तेवढंच. आभाराचे शब्द त्यांच्याकडे नव्हते, मला नकोही होते.

दोघं भाऊ त्यानंतर एका घरात राहायला लागले, असं काही मी सांगणार नाही. माग्नार कमी बोलायचा तो कमीच बोलायचा. ओडवार कधीकधी महिनाभर फिरकायचा नाही, मग एक दिवस शेडमध्ये जाऊन फळी धरायला उभा राहायचा. आजींनी मला पत्रांतून हे सगळं कळवलं. आता दोघांची नावं एकाच ओळीत लिहायला मिळतात म्हणून असेल, त्यांची पत्रं लांबच लांब असायची. त्र्याण्णवाव्या वर्षी, एप्रिलमध्ये, त्या झोपेत गेल्या.

जूनमध्ये माझा फोन वाजला. पलीकडे माग्नार. त्यानं आयुष्यात केलेल्या मोजक्या फोनांपैकी तो एक असावा, कारण तो ओरडूनच बोलत होता.

"रागनाबाई, चित्राची नक्कल करता येते का?"

"का हो? काय झालं?"

"ते एकच आहे. माणसं दोन. मी म्हणतो त्यानं न्यावं. तो म्हणतो मी न्यावं. भिंतीवरून कुणी काढतच नाही. घर रिकामं करायचंय."

मागून ओडवारचा आवाज आला, "तिला सांग, तुझ्या शेडमध्ये ओल आहे हे मी मान्य करतो, पण..."

"नक्कल नाही होणार माझ्याच्यानं," मी म्हणाले. "ती माणसं आता तशी राहिली नाहीत. पण दोघं बसणार असाल तर दुसरं काढून देते."

पलीकडे फोनवर हात ठेवून काहीतरी खलबत झालं. मग माग्नार म्हणाला, "या. बसतो."

मी गेले. आमच्याकडचा जूनचा उजेड, संपता संपत नाही, त्यामुळे घाई नव्हती. माग्नारच्या शेडच्या दारात, एका अर्धवट बांधलेल्या होडीपुढं, मी दोघांना बसवलं. आणि सांगते, इतकं कठीण काम मी दुसरं केलं नाही. दोघं क्षणभर स्वस्थ बसेनात. ओडवार बोलता बोलता वळायचा, माग्नार त्याला उत्तर द्यायला वळायचा, मग होडीची कुठली फळी चुकीची लागलीय यावर दोघंही उठून ती बघायला जायचे. मी रागावले की पाच मिनिटं गप्प. सहाव्या मिनिटाला पुन्हा सुरू.

दुसरं चित्र पहिल्याइतकं चांगलं झालं नाही. माग्नारचा डोळा चुकलाय, ओडवारचे दोन्ही हात एकाच माणसाचे वाटत नाहीत. मी तसं त्यांना स्पष्ट सांगितलं आणि विचारलं, आता कुणी कुठलं घ्यायचं ते ठरवा.

"हे मी ठेवतो," माग्नार म्हणाला. "आईकडचं त्याला द्या."

"मला कशाला? वाईट मला दे. माझ्याकडे भिंतीला असंही कोण बघतंय?"

"तुझ्याकडे येऊन मी बघणार ना."

"मग तू वाईट बघशील."

मी ब्रश धुतले, पेटी भरली, दोघांचा निरोप घेतला. त्यांनी हात हलवले, पण वाद काही थांबवला नाही. रस्त्याच्या वळणापर्यंत मला त्यांचे आवाज ऐकू येत होते, आणि चारच्या बसला अजून भरपूर वेळ होता म्हणून मी सावकाश चालत गेले.